‘आवळदरे’ टाकू नये

नाशिकला मुंबई नाक्यापाशी एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रुग्णवाहिकांचं एक केंद्र आहे. जिल्ह्यात कुणाच्या छातीत दुखू लागलं, कुणी झाडावरून पडलं, कुणाच्या सुनेचे दिवस भरले की फोन इथं येतो. फोन घेणाऱ्या बायका गावाचं नाव संगणकात टाकतात. संगणक आतल्या खोलीतल्या सर्व्हरला विचारतो, की बाबा, या गावाला सगळ्यांत लवकर पोचेल अशी गाडी कोणती? सर्व्हर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देतो. या विचारण्याला क्वेरी म्हणतात. दिवसभर ती विचारली जाते, उत्तरं येत राहतात आणि त्यात काही विशेष आहे असं तिथं कुणाला वाटत नाही.

हा सर्व्हर सांभाळायचं काम समाधानकडं होतं. समाधान मूळचा कळवणकडचा, आता अंबडला भाड्याच्या घरात राहणारा. कामाला चोख, बोलायला गोड आणि भांडणाला शंभर हात लांब. केंद्रात कुणाचंही कुणाशी वाजलं की हा चहा सांगायला खाली जायचा. त्याच्या या स्वभावाचं सगळ्यांना कौतुक होतं. कौतुक करताना कुणाच्या मनात आलं नाही, की असल्या गोड माणसाच्या हातात कधी कुणाचा जीव असू नये.

जून महिन्यात एका दुपारी साधनाताईंनी एका गावाचं नाव टाकलं आणि खोलीतल्या सगळ्या स्क्रीन एकदम गोठल्या. साधनाताई केंद्र उघडलं तेव्हापासूनच्या. फोनवर रडणाऱ्या माणसाला आधी गप्प कसं करायचं आणि मग बोलतं कसं करायचं हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी समाधानला हाक मारली. त्यानं सर्व्हर बंद करून चालू केला. तो उठून बसेपर्यंत बराच वेळ गेला, तोवर बायकांनी कागदावर नावं लिहून घेत कसंबसं निभावलं. मग साधनाताईंनी राहिलेलं नाव पुन्हा टाकलं आणि सर्व्हर पुन्हा कोसळला. ते नाव होतं आवळदरे.

समाधाननं दोन दिवस खपून कारण शोधलं, आणि सापडल्यावर तो आधी हसला. आवळदरे ही दोन होती. इगतपुरीकडच्या एका धरणात मूळ गाव बुडालं तेव्हा सरकारनं वर पठारावर प्लॉट पाडून दिले. ते झालं नवं आवळदरे. पण काहींच्या जमिनी पाण्याच्या रेषेच्या वर राहिल्या. ती माणसं हटली नाहीत, काठालाच घरं बांधून राहिली. ते जुनं आवळदरे. आता तलाठ्याच्या दप्तरात जुनं हे गाव आणि नवं ही त्याची वाडी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नवं हे गाव आणि जुनं ही त्याची वाडी. त्या उन्हाळ्यात केंद्राची माहिती नव्यानं भरताना एकानं तलाठ्याची यादी घेतली आणि नव्याला जुन्याच्या खाली घातलं. दुसऱ्यानं ग्रामपंचायतीची घेतली आणि जुन्याला नव्याच्या खाली घातलं. दोघांनीही खरंच लिहिलं होतं.

सर्व्हरची रीत अशी, की वाडीचं नाव आलं की ती कोणत्या गावाची ते पाहायचं, मग ते गाव आणखी कुणाच्या खाली येतं का ते पाहायचं, असं वर वर चढत जायचं. जिथं वर कुणीच नाही तिथं थांबायचं आणि मग गाड्यांचे रस्ते मोजायला घ्यायचे. आवळदऱ्याला वर कुणी नाही असं कधी होतच नव्हतं. नवं कुणाचं, तर जुन्याचं. जुनं कुणाचं, तर नव्याचं. बिचारा सर्व्हर घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा गरगर फिरायचा आणि अंगातलं त्राण संपलं की मटकन खाली बसायचा. एकटा बसला असता तर गोष्ट वेगळी होती. तो सगळ्या जिल्ह्याला सोबत घेऊन बसायचा.

उपाय अगदी साधा होता. दोन नोंदींपैकी एक खोडायची. एका ओळीचं काम, चहा निवायच्या आत झालं असतं. समाधाननं प्रोग्राम लिहिणाऱ्या पुण्याच्या कंपनीला कळवलं. तिथल्या साहेबानं उत्तर दिलं, की गाव स्वतःच्याच वाडीची वाडी असू शकत नाही, तेव्हा प्रोग्राममध्ये दोष नाही, तुम्ही तुमची माहिती सुधारा. माणूस खोटं बोलत नव्हता. फक्त त्यानं कधी धरणात बुडालेलं गाव पाहिलं नव्हतं.

मग समाधान केंद्राच्या व्यवस्थापकांकडं, अश्विन सरांकडं गेला. सर वाईट नव्हते. ते घाबरट होते, आणि घाबरट माणूस खुर्चीत बसला की वाईट माणसापेक्षा महाग पडतो. त्यांनी सरळ आवळदऱ्याला फोन लावला. नव्याच्या सरपंचांना विचारलं, मूळ गाव कोणतं? ते म्हणाले, आमचं. जुन्याच्या पोलीस पाटलांना विचारलं; ते म्हणाले, हा प्रश्नच कसा विचारता? त्याच सुमाराला तिथं आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं होतं आणि ते मूळ गावात होणार होतं. नाशिकच्या हापिसात कुणीतरी आपल्या गावाला वाडी करायला निघालंय ही बातमी दुसऱ्या दिवशी दोन्हीकडं पोचली. दोघांनीही सरांना निरोप धाडला: आम्हाला खाली घातलंत तर तुमच्या दारात येऊन बसू.

सरांनी समाधानला केबिनमध्ये बोलावलं. सरपंच आणि पाटील मिळून काय ते ठरवतील आणि कळवतील, तोवर कुठल्याच नोंदीला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. आणि तोवर तिथून फोन आला तर काय, असं समाधाननं विचारलं तेव्हा सरांनी तोडगा काढला. आवळदऱ्याच्या डोंगराखाली मोरफाटा आहे. त्याचं नाव टाकायचं. मोरफाट्याला घोटीची गाडी येते. पेशंटला फाट्यावर घेऊन यायला सांगायचं.

अशी प्रत्येक स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटली: ‘आवळदरे टाकू नये. मोरफाटा टाकावे.’ पहिल्या आठवड्यात बायका ती वाचायच्या. पुढं वाचायची गरज उरली नाही. रात्री सापाला साप म्हणू नये, लांबडं म्हणावं, तसं ते नाव केंद्रातून उठलं. नवीन बाई कामाला लागली की तिला आधी हेच शिकवायचे. का, ते कुणी सांगायचं नाही आणि ती विचारायचीही नाही. साधनाताई एकट्या कधी कधी चिठ्ठीकडं बघून म्हणायच्या, “आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.” समाधान हसायचा. त्यांना ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं हे त्याला कळत होतं.

त्याला कळत सगळंच होतं. पण त्याच्या मनात त्याचे वडील बसलेले होते. कोंडाजी गावात सरळ माणूस म्हणून नावाजलेले, तेव्हा दोन भाऊबंदांच्या बांधाच्या वादात त्यांना पंच म्हणून बसवलं. त्यांनी दोरी धरून बांध जिथं होता तिथं दाखवला. त्या दिवसापासून दोन्ही भाऊ एक झाले आणि कोंडाजी दोघांचे वैरी झाले. घरच्या लग्नाला त्या आळीतून एक माणूस आला नाही. म्हातारा अजून सांगतो, दुसऱ्याच्या बांधात पाय घालू नये. समाधाननं हे बोलणं मनात धरलं होतं. वडिलांनी दाखवलेला बांध बरोबर होता की नाही, हे मात्र त्यानं त्यांना कधी विचारलं नाही.

जुलैमध्ये त्याला लताबाईंचा फोन आला. त्या दोन्ही आवळदऱ्यांच्या आशा ताई. घरोघर फिरून गरोदर बायकांची काळजी घेणाऱ्या. नवं-जुनं हा भेद त्यांना परवडणारा नव्हता. समाधानचा नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. कंप्युटरवाले भाऊ तुम्हीच ना, असं विचारून त्यांनी जे सांगितलं ते ऐकत तो जिन्यात उभा राहिला. एका म्हाताऱ्याला झोळीतून फाट्यावर उतरवावं लागलं होतं. सर्पदंशाच्या एका मुलीला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं होतं. दोघंही वाचली होती, पण दर वेळी देव जागा असेलच असं नाही.

“माझ्याकडं निकिता म्हणून एक पोर हाय, जुन्यातली,” लताबाई म्हणाल्या. “पहिलटकरीण हाय. अंगात रगत नाय. आगष्टात दिवस भरत्याल. तिला त्या घाटानं फाट्यावर उतरवायची म्हंजी लय अवघड हाय, भाऊ. आमचं नाव परत टाका तुमच्या कंप्युटरात. वरचं टाका नाय तर खालचं टाका, मला काय बी चालंल.”

समाधान म्हणाला, “करतो ताई. या आठवड्यात करतो.”

तो खोटं बोलत नव्हता. त्या आठवड्यात तो दोनदा सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेला. एकदा सर फोनवर होते. दुसऱ्यांदा सर मोकळे होते, पण चेहरा त्रासलेला होता, म्हणून त्यानं दुसरंच काहीतरी विचारलं आणि तो परतला. पुढच्या आठवड्यात सरांनी स्वतःच सांगितलं, की सरपंच आणि पाटील एकत्र बसायला तयार आहेत, पोळ्याच्या आत निकाल लागेल. समाधानला हायसं वाटलं. घोंगडं भिजत पडलंय हे त्यालाही दिसत होतं, पण ते आपलं नाही अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली.

त्याच दिवसांत बहिरूचाही फोन आला. बहिरू रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. जूनमध्ये केंद्राला दोन नव्या गाड्या मिळाल्या, त्यातली एक धरणाच्या वसाहतीत उभी करून त्याला तिथं दिली होती. तो म्हणाला, महिना उलटून गेला, एक फोन नाही. माझी गाडी यादीत हाय का नाय ते बघा, नुसतं पाणी बघत बसलोय, गाडी गंजायची माझी. समाधाननं पाहिलं. गाडी यादीत होती, मोकळी दिसत होती. तो म्हणाला, नशीबवान आहेस, बस निवांत. बहिरू हसला आणि दोघांनी फोन ठेवला.

ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात त्या डोंगरांवर पाऊस बसला तो हलायला तयार नव्हता. नाशकात नुसती भुरभुर होती. त्या दिवशी सकाळीच सर कलेक्टर कचेरीत बैठकीला गेले होते; बैठक आपत्तीच्या तयारीची होती. जेवणाच्या डब्यांची वेळ व्हायच्या आधी साधनाताईंच्या कानात लताबाईंचा आवाज आला. निकिताला पहाटेपासून कळा लागल्या होत्या आणि अंगावरून जास्तच जात होतं. साधनाताईंनी धीर दिला, सवयीनं मोरफाटा टाकलं, घोटीची गाडी निघाली. तिला फाट्यावर घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. कुणाचीतरी जीप मिळवून लताबाईंनी निकिताला आडवं घातलं आणि घाट उतरायला लागल्या.

घाटाच्या पायथ्याशी, फाट्याच्या अलीकडं एक ओहोळ आहे आणि त्यावर फरशी पूल आहे. जीप तिथं पोचली तेव्हा फरशीवरून पाणी चाललं होतं. पलीकडं घोटीची गाडी येऊन थांबली होती. तिचा दिवा इकडून दिसत होता. ड्रायव्हरनं केंद्राला कळवलं की गाडी घातली तर वाहून जाईल. लताबाईंनी कळवलं की मागं फिरावं तर घाटात दरड आल्यासारखी दिसतेय, आणि पोरीचे डोळे फिरायला लागलेत.

साधनाताई उठून आतल्या खोलीत आल्या. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, “समाधान, सर्व्हरला खरं नाव विचारायला पाहिजे. दुसरा रस्ता असेल तर त्यालाच माहीत असेल. ती एक नोंद काढ.”

समाधाननं यंत्र पुढं ओढलं. ओळ त्याला पाठच होती. जूनपासून त्यानं ती मनात इतक्यांदा लिहिली होती, की बोटं आपोआप चालली. नव्या आवळदऱ्याची नोंद खोडायची की जुन्याची, याचाही त्यानं त्या क्षणी विचार केला नाही. ओळ लिहून झाली. आता एक बटण दाबायचं होतं. ओळ पडद्यावर दिसली, साधनाताईंना वाटलं झालं. त्या वळल्या आणि धावत आपल्या जागेवर गेल्या.

आणि इथं समाधानचा हात थांबला. सरांना एकदा विचारून घेऊ, असं त्याला वाटलं. परवानगी नको होती त्याला, नुसतं कानावर घालायचं होतं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आपण एकट्यानं केलं असं होणार नाही. त्यानं सरांना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. त्यानं पुन्हा लावला. बटण त्याच्या डाव्या हाताखाली होतं आणि फोन उजव्या कानाला होता. आयुष्यभर तो असाच उभा होता म्हणा ना.

बाहेर साधनाताईंनी स्वतःच्या हातानं स्क्रीनवरची चिठ्ठी ओढून काढली आणि आवळदरे टाकलं.

सगळ्या स्क्रीन गोठल्या. कानातले आवाज तुटले. घोटीच्या गाडीचा गेला, लताबाईंचा गेला. सिन्नरकडं अपघातावर निघालेली गाडी, सिडकोत जिन्यातून घसरलेल्या आजोबांचा पत्ता, सगळं एका फटक्यात गेलं. बायका उठून उभ्या राहिल्या. समाधाननं फोन टेबलावर टाकला आणि सर्व्हरचं बटण दाबून धरलं. तो बंद झाला, चालू झाला आणि नेहमीप्रमाणं आपल्या सगळ्या नोंदी एकेक करून तपासत बसला. त्याला घाई करता येत नाही. शिव्या दिल्या तरी ऐकत नाही, हात जोडले तरी ऐकत नाही. समाधाननं दोन्ही करून पाहिलं.

साधनाताईंनी स्वतःच्या मोबाईलवरून लताबाईंना गाठलं. जीपमध्येच बाळंतपण झालं होतं. मुलगी होती, रडली होती. पण निकिताचं रक्त थांबत नव्हतं. साधनाताई केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून विचारून सांगत होत्या, पोट चोळा, पाय वर करा, पदर घट्ट दाबून धरा, आणि लताबाई पलीकडून हो म्हणत होत्या. मध्येच त्या विचारायच्या, गाडी कुठवर आली? साधनाताई म्हणायच्या, निघाली, निघाली.

सर्व्हर उठला. समाधाननं लिहिलेली ओळ पुसली गेली होती; त्यानं ती पुन्हा लिहिली आणि या वेळी कुणाला न विचारता बटण दाबलं. झालं. दोन महिने जे होत नव्हतं ते झालं आणि कुठं काही हललं नाही. त्यानं ओरडून सांगितलं. साधनाताईंनी पुन्हा नाव टाकलं.

सर्व्हरनं पातं लवायच्या आत उत्तर दिलं. धरण वसाहत. ड्रायव्हर बहिरू. गाडी मोकळी. रस्ता धरणाच्या भिंतीवरून.

त्या भिंतीवरून साध्या माणसाला बंदी आहे. पहारेकरी शेळीसुद्धा जाऊ देत नाही, म्हणून आवळदऱ्याच्या कुणाच्या डोक्यात तो रस्ता रस्ता म्हणून कधी आलाच नव्हता. रुग्णवाहिकेला फाटक उघडतात. सर्व्हरला ते ठाऊक होतं, कारण जूनमध्ये गाडी तिथं ठेवताना समाधाननंच ते भरलं होतं. भिंत संपते तिथून जुन्या आवळदऱ्याचं शिवार लागतं. निकिताच्या ओट्यावरून रात्री भिंतीवरचे दिवे दिसतात.

बहिरू निघाला. त्याच्याकडं गावाचं आणि निकिताचं नाव गेलं, जीप ओहोळापाशी आहे हे त्या घाईत कळवायचं राहिलं. त्याच्यासारखा आनंद त्या दिवशी कुणाला झाला नसेल. पहिलाच फोन होता. फाटक उघडलं, भिंत ओलांडली आणि बघता बघता तो निकिताच्या दारात उभा राहिला. दारात तिची सासू मालनबाई होती. ती म्हणाली, तिला तर फाट्यावर नेली बाबा, तुमीच सांगितलं ना. बहिरूनं गाडी वळवली आणि घाटाला घातली. दरड म्हणजे माती होती, ती त्यानं आणि दोन गुराख्यांनी फावड्यानं ओढली. मग तो खाली उतरायला लागला.

तेवढ्यात समाधानचा मोबाईल वाजला. लताबाई होत्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “गाडीवाल्याला सांगा, सावकाश ये. घाट निसरडा हाय. आता घाई नाय.”

मागं बाळ रडत होतं. समाधानला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण या आठवड्यात करतो, याच्यापुढं त्याला त्या बाईशी बोलण्यासारखं काही सापडलं नाही. लताबाईंनी फोन ठेवला. त्यांनी एक शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला बरं वाटावं म्हणून शिवी द्यायला त्या मोकळ्या नव्हत्या. त्यांच्या मांडीवर पोर होती.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसं दुपारपासून केंद्रात सगळ्यांचे हात चालायला लागले. कुणी चिठ्ठ्या काढल्या, कुणी त्यांचा डिंक खरवडला. साधनाताई आपल्या जागेवर बसून फोन घेत राहिल्या, कारण फोन येत होते. आपण नाव टाकलं नसतं तर, एवढंच त्या एकदा म्हणाल्या. समाधान म्हणाला, तुमचं चुकलं नाही. ते खरं होतं, आणि त्यातलं उरलेलं खरं त्यालाच ठेवून घ्यावं लागलं.

सर संध्याकाळी आले. त्यांना वाटेतच कळलं होतं, कारण दोन्हीकडून फोन येऊन गेले होते. दोन महिने एकत्र बसायला ज्यांना वेळ मिळाला नव्हता त्यांना एका दुपारीत कंठ फुटला होता. सरपंच म्हणाले होते, ती जुन्यातली, जुनं हे वेगळं मूळ गाव आहे, त्याचं आमच्याकडं काही नाही. पाटील म्हणाले होते, आम्ही तर नव्याची साधी वाडी, फरशी पुलाचं काम मूळ गावानं बघायला पाहिजे होतं. सर खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळ पुसलं. उद्या चौकशी लागणार होती. भार जास्त झाल्यामुळं सर्व्हर बंद पडला असं लिहायचं, असं त्यांनी हळूच सांगितलं. मग त्यांना खरी काळजी आठवली.

“समाधान, तू कोणती नोंद काढलीस? मूळ कोणतं ठेवलंस? नवं की जुनं?”

समाधानला आठवेना. पहिल्यांदा लिहिली ती ओळ कोणती होती आणि दुसऱ्यांदा लिहिली ती कोणती, काहीच आठवेना. सर म्हणाले, बघून सांग, त्यावर सगळं अवलंबून आहे.

तो आतल्या खोलीत गेला. सर मागं येऊन उभे राहिले. त्यानं पाहिलं, जुनं वर होतं, नवं खाली. त्यानं आवळदरे टाकलं आणि विचारलं. उत्तर आलं: धरण वसाहत, बहिरू, भिंतीवरून.

मग त्यानं नोंद उलटी केली. नवं वर घातलं, जुनं खाली घातलं. सर म्हणाले, अरे, काय करतोस? त्यानं पुन्हा विचारलं.

उत्तर आलं: धरण वसाहत, बहिरू, भिंतीवरून.

समाधाननं नोंद पुन्हा उलटी केली आणि पुन्हा विचारलं. मग पुन्हा. बाहेर साधनाताई कुणालातरी गावाचं नाव विचारत होत्या. तो प्रत्येक वेळी वाट बघत होता, की एकदा तरी, कोणत्याही एका बाजूनं, दुसरं काही उत्तर येईल.